तिला दिसलेली चूक

आमच्या संमेलनात स्वतःचा पेपर स्वतः मांडायचा नाही, असा नियम आहे. बाहेरच्या कुणाला सांगितलं की तो हसतो. आमच्याच कॉलेजातल्या एका सरांनी मला विचारलं होतं, मग लग्नातही तुमच्याकडे बोहल्यावर दुसराच उभा राहतो का? हसोत बापडे. नियम चांगला आहे. तुमचा पेपर आधी दुसऱ्याच्या हातात जातो. तो त्यावर डोकं फोडतो आणि सभेत उभा राहून, तुम्हाला काय म्हणायचंय ते सगळ्यांना सांगतो. तुम्ही तोवर पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत तोंड मिटून बसायचं. त्याला चूक सापडली असेल तर ती त्याने तिथेच, सगळ्यांदेखत सांगायची. आधी दोघांनी त्यावर एक अक्षरही बोलायचं नाही. शेवटी अध्यक्ष विचारतात, "लेखकाला काय म्हणायचंय?" मग लेखकाने उठून "हेच म्हणायचं होतं" असं कबूल करायचं, नाहीतर भांडायचं.

आम्ही भांडायचो. मी आणि ती. नगरच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो, एकाच केबिनमध्ये बसायचो, आणि दरवर्षी एकमेकींचा पेपर मागून घ्यायचो. इतर लोक चहाला बाहेर गेलेले असले तरी आमच्या भांडणासाठी परत आत यायचे.

विषय तसा कुणाला सांगता येत नाही. संगणकाचा प्रोग्रॅम एकाने लिहिलेला असतो. तो आपोआप दुसऱ्या रूपात बदलायचा, म्हणजे जास्त वेगाने चालेल, पण उत्तर तेच देईल. उत्तर खरंच तेच राहतं हे गणिताने सिद्ध करायचं. बस, एवढंच. त्यातून ॲप निघत नाही की काही विकलं जात नाही. माझ्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात की सून कॉम्प्युटर दुरुस्त करते. राज्यभरातून या विषयाचे जेवढे वेडे आहेत तेवढे थंडीत भंडारदऱ्याच्या एका लॉजवर जमतात, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, पर्यटक नसताना. हॉल निम्मासुद्धा भरत नाही. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत.

तिला मात्र हा विषय कुणालाही सांगता यायचा. ती पाथर्डीच्या पुढच्या एका गावची. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे तिचं लहानपण अर्धं गावात आणि अर्धं उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत गेलं. वर्गात ती म्हणायची, "आधी सगळा ऊस तोडायचा आणि मग सगळ्या मोळ्या बांधायच्या, की तोडता तोडताच मोळी बांधत जायची? गाडीत ऊस तेवढाच भरतो. मग तोडता तोडताच बांधा, फडात दोन चकरा कशाला मारता?" दोन कामांची दोन आवर्तनं एकात मिसळायची, हा आमच्या शास्त्रातला एक मोठा धडा आहे. पुस्तकं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. मुलांना तो तिच्या एका वाक्यात कळायचा, आणि मला दरवेळी थोडा हेवा वाटायचा.

तिचा या वर्षीचा पेपर त्यावरच होता. अशी मिसळण कुठल्या प्रोग्रॅममध्ये बिनधोक करता येते, याची तिने एक नवी अट शोधली होती आणि ती सिद्ध केली होती. पेपर माझ्याकडे आला. माझा तिच्याकडे गेला. त्याच सुमारास ती कावीळ म्हणून दवाखान्यात दाखल झाली, आणि ते काहीतरी भलतंच निघालं.

तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून मी तिचा पेपर वाचला. घरी वाचता येत नव्हता. घरी असले की दवाखान्यात काय चाललं असेल याचाच विचार यायचा. आणि तिथे, ती डोळे मिटून पडलेली असताना, मला चूक सापडली. सिद्धतेत ती एक गोष्ट न सांगताच धरून चालली होती: आतलं प्रत्येक काम सुरू झालं की पूर्ण होतं. पण एखादं काम मध्येच अडकलं तर? मग दोन्ही रीती सारख्या राहत नाहीत. तोडणी मध्येच थांबली, तर एका रीतीत तोडलेला ऊस तसाच जमिनीवर पडलेला असतो आणि मोळी एकही नसते. दुसरीत काही मोळ्या बांधून झालेल्या असतात आणि बाकीचा ऊस उभाच असतो. इतकी साधी गोष्ट तिच्याकडून कशी सुटली, मला कळेना.

ती जागी झाल्यावर मी म्हणाले, "अगं, तुझ्या तिसऱ्या भागात..."

"गप्प बस."

"ऐकून तर घे."

"सभेत सांग. मी येणारे." आवाज अगदी बारीक झाला होता, पण हुकूम तोच. मग ओठांच्या कोपऱ्यात हसली. "तुझ्या पेपरात पण आहे एक. चांगली जाडजूड."

मी मोसंबी सोलत होते, ते थांबवलं. "कुठे?"

"सभेत."

"वेडी आहेस का? सांग ना."

"आत्ता सांगितलं तर गुपचूप दुरुस्त करशील आन मग लई शहाणी असल्यासारखी खुर्चीत बसशील. मला सभेत चूक सांगताना तुझं तोंड बघायचंय."

मी तिच्यावर चिडले. खरं सांगते, खूप चिडले. हातातली मोसंबी तिला न देता मीच खाऊन टाकली. तिला त्याचंही हसू आलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तर तिने पलीकडे मान वळवली आणि झोपल्याचं सोंग घेतलं. तिला बरं वाटणार आणि ती सभेला येणार याची मलाही तिच्याइतकीच खात्री होती, नाहीतर मी तिला इतक्या सहज सोडलं नसतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली.

दहाव्याला मी तिच्या गावी गेले. तिच्या आई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता गुडघ्यांमुळे त्या तोडीला जात नाहीत. मला जवळ बसवून म्हणाल्या, "ती दरसाली त्या डोंगरात जायाची, ते काय आसतं गं? मला कंदी न्हेलंच न्हाई. मला बगायचंय."

मी म्हणाले, "मावशी, तिथे नुसतं बोलणं असतं. तुम्हाला कंटाळा येईल."

"येऊ दे."

मी त्यांना घेऊन गेले. आदल्या दिवशी त्या जीपने पाथर्डीला आणि तिथून एसटीने नगरला आल्या, माझ्या घरी राहिल्या, आणि सकाळी आम्ही माझ्या गाडीने निघालो. वाटेत संगमनेर मागे पडल्यावर त्या एकदा म्हणाल्या, "हिकडं ऊस बरा हाय."

हॉलमध्ये कडेची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिच्यावर कुणीतरी पांढरी शेवंती ठेवली होती. मला ते आवडलं नाही, तिलाही आवडलं नसतं. मावशी दारातून आत आल्या, सगळ्या अनोळखी चेहऱ्यांकडे त्यांनी पाहिलं, आणि पुढे माझ्याजवळ ती एकच खुर्ची मोकळी दिसली म्हणून फुलं मांडीवर घेऊन तिच्यावर बसल्या. त्यांना उठवायला कुणी धजलं नाही.

मी मांडायला उभी राहिले. पहिला भाग नीट गेला. उसाचं उदाहरण मी तिच्याच शब्दांत सांगितलं, तेव्हा मावशींनी मान हलवली. मग मी चुकीपाशी आले. झाकून न्यायचा मोह झाला होता, नाही असं नाही. ती नाही, समोर तिची आई बसलीय, झाकलं तर काय बिघडणार होतं? पण तिचा पेपर आहे आणि तिने सभेत सांग म्हटलंय. मी सांगितली. फळ्यावर लिहून दाखवली. "ती धरून चाललीय," मी म्हणाले, "की सुरू झालेलं काम पूर्ण होतंच." पुढचं वाक्य मला बोलताच येईना. पाणी प्यायले तरी येईना. मग तसंच टेबलाला धरून उभी राहिले.

आमचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सर. हे संमेलन त्यांनीच सुरू केलेलं. ते खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. इतक्या वर्षांची सवय, मान वर न करता त्यांनी विचारलं, "लेखिकेला काय म्हणायचंय?"

विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण तोवर मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. सगळे आपल्याकडे बघतायत म्हणजे आपल्यालाच विचारलं, असं त्यांना वाटलं.

"ती न्हाई वो आता," त्या म्हणाल्या. "मी आई हाय तिची. तिला काय सांगायचं आसंल तर मला सांगा."

सरांनी चष्मा काढला. मी खाली उतरून मावशींना धरलं आणि बसवलं. त्यांनी मला हळूच विचारलं, "चुकलं का काय तिचं?"

"एका ठिकाणी, मावशी. बाकी सगळं चांगलं आहे."

"तिला सांगितलं न्हवतं व्हय?"

"ती ऐकेना. सभेत सांग म्हणाली, मी येते."

मावशींनी मांडीवरची फुलं सारखी केली. "मला बी तसंच म्हनली हुती. घरी येते म्हनून."

दुपारी माझा पेपर होता. ती मांडणार होती, तो ऐनवेळी नागपूरच्या एका मॅडमनी मांडला. नीटस मांडला. मी मावशींच्या शेजारी, आणखी एक खुर्ची ओढून बसले होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला यात एकही चूक सापडली नाही." टाळ्या झाल्या. या संमेलनात असं क्वचित होतं. सरांनी या वेळी माझ्याकडे नीट बघून विचारलं. मला "हेच म्हणायचं होतं" म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "यात एक चूक आहे. कुठे आहे ते मला माहीत नाही." लोकांना वाटलं, सकाळच्या धक्क्यातून मी सावरलेली नाही. ते खरंही होतं.

घरी परत निघालो तेव्हा राजूरच्या घाटात मावशींनी विचारलं, "तुजं बी चुकलंय म्हनत हुतीस. काय चुकलंय?"

"ते तिला दिसलं होतं. मला नाही दिसत. त्या मॅडमना पण नाही दिसलं."

"चेष्टा केली आसंल तिनं."

"याची ती चेष्टा करायची नाही, मावशी."

त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "इचारून ठेवायचं हुतंस गं बाई."

"विचारलं होतं मावशी," मी म्हणाले. "सांगितलं नाही तिने."