तिच्या मापाचा ओटा

मुरबाडला समुद्र नाही, तरी मी बोटीचं काम करतो असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. बोट बांधतात लांब, किनाऱ्यावरच्या यार्डात. तिच्या आतलं लाकूडकाम मात्र आमच्या शेडमध्ये होतं. ही बोट लांब पल्ल्याची. डिझेलच्या टाक्याच एवढ्या, की मध्ये कुठे न थांबता समुद्र ओलांडेल. मालक-मालकीण दोघंच तिच्यावर महिनोन् महिने राहणार होते. नवरा-बायकोनं एकत्र राहायला केवढा हा खटाटोप, असं मला वाटायचं. माझी बायको कल्याणला मुलीकडे, नातीला सांभाळायला. बाळंतपणापुरती म्हणून गेली, आता नात शाळेत जाते. परत कधी येतेस विचारलं की म्हणायची, "बघू."

बोटीचं स्वयंपाकघर आधी प्लायमध्ये खऱ्या मापाचं करून बघतात. मालकीण परदेशात, तिची फक्त उंची कळवलेली. फोरमन म्हणाला, "एवढ्या उंचीची कोणी बाई आणा, उभी करून बघू." मी लगेच म्हणालो, "आमची आहे." खरं तर शेड झाडायला येणारी बाईही तेवढीच होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

बायको कल्याणहून एसटीनं आली. चांगली साडी नेसून प्लायच्या ओट्यापुढे उभी राहिली, खोटी भाकरी थापली, खोटा तवा उतरवला. म्हणाली, "उंच झाला. आन ही कड कशाला? पुसायचं कसं?" बोट हलली की भांडी घसरू नयेत म्हणून कड, हे फोरमननं समजावलं. ते काही तिला पटलं नाही. ओटा मात्र तिच्या म्हणण्याप्रमाणे चार बोटं खाली घेतला. त्यावरून हात फिरवत ती मला हळूच म्हणाली, "आपला असा असता तर!" आमच्या घरचा ओटा गवंड्यानं उंच बांधलेला. इतकी वर्षं ती पाटावर उभी राहून भाकऱ्या थापायची.

मला वाटलं होतं, मुक्काम करेल. मी सकाळीच घर झाडून सुकट आणून ठेवली होती. पण नात शाळेतून यायच्या आत पोचायचं म्हणून ती तशीच परत गेली. सुकट मी एकट्यानं खाल्ली. फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

पुढच्या सुट्टीत मी घरचा ओटा फोडला आणि बोटीच्या मापानं खाली घेतला. वर तोच जुना कडाप्पा बसवला. तिला सांगितलं नाही, आली की बघेल म्हटलं. पाठ दुखते एवढंच फोनवर बोललो, ते बोटीच्या कामानं असं तिला वाटलं.

बोटीचं काम पुढे सरकत होतं. कपाटं गेली, दारं गेली, शेवटी स्वयंपाकघरही सुटं करून ट्रकवर चढवलं. ट्रक गेल्यावर शेडमध्ये नुसता भुसा उरला. घरी येऊन मी भाकरी करायला घेतली, तेवढ्यात तिचा फोन.

"गेली बोट?"

"गेली."

"आन पाठ? दुखायची राह्यली का नाय?"

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "ओटा खाली घेतलाय गो. तुझ्या मापाचा. मला वाकून करावं लागतं."

मागे नात मोठ्यानं कविता पाठ करत होती.

"परत उंच करून घ्या," ती म्हणाली. "किती दिस वाकाल?"

कधी येतेस, हे त्यानंतर मी तिला विचारलं नाही.