डोंगरातला मिलचा भोंगा

ज्या डोंगराचा भूगोल मी शाळेत शिकवला तो डोंगर रोज दुपारी सुरुंगाने फुटत असे. चौथीच्या पुस्तकात आमच्या जिल्ह्याचा धडा होता. इतिहास, भूगोल, जनसंख्या, असा क्रम. दक्षिणेला विंध्याच्या उंच आणि घनदाट रांगा आहेत, असं मी फळ्यावर लिहायचे आणि त्याच वेळी पायाखालची जमीन हादरायची, कौलांमधून माती पोरांच्या पाट्यांवर पडायची. एकदा कौल फोडून मुठीएवढा दगड थेट माझ्या टेबलावर आला. पुस्तक लिहिणारा समोर असता तर तो दगड मी त्याला परत केला असता, आणि हातात दिला नसता.

सिमरोल ओलांडून घाट उतरायला लागलं की डाव्या हाताला ते गाव. वर माळव्याचं पठार, काळ्या मातीचं, गव्हाचं, सपाट. ते इथे एकदम तुटतं आणि खाली निमाडापर्यंत नुसत्या दऱ्या. माती इतकी पातळ की मक्याचं ताट उपटलं तर खाली खडक दिसतो. घरं भिल-भिलाल्यांची, एकेका टेकडीवर एकेक. शेजाऱ्याला हाक मारायची तर घसा फाटावा. इतकी लांब का बांधता, असं मी पहिल्याच वर्षी शाळेजवळच्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "बेनजी, भाई-भाई पास रेवे तो कुल्हाड़ी चले."

कुऱ्हाडी चालायच्याच. बांधावरून चालायच्या, पळवून नेलेल्या पोरीवरून चालायच्या, आणि सणावाराला कुणाचं ना कुणाचं डोकं शिवायला महूला न्यावं लागायचं. पण त्या मारामारीलाही रीत होती. ज्याचं माणूस गेलं, पहिला घाव त्याचा. तो पुढे येईपर्यंत बाकीच्यांनी धनुष्यं खाली करून उभं राहायचं, मग रागाने कितीही थरथरत असोत. शहरातल्या मारामारीत मी रीत म्हणून पाहिली नाही.

पुस्तकातल्या इतिहासात होळकर होते, इंग्रज होते, हे लोक नव्हते. माझे पणजोबा महूच्या पलटणीत होते. त्यांनी ह्याच डोंगरात बंडवाले पकडले, असं आमच्या घरी छाती फुगवून सांगत. म्हातारीने मला तीच हकीकत दुसऱ्या बाजूने सांगितली. तिच्या आजेसासऱ्याला मोहाच्या झाडाला बांधून मारलं, घर पेटवलं, बैल हाकून नेले. घरच्या भिंतीवर पणजोबांचा पलटणीतला फोटो होता, त्याच्याकडे त्यानंतर मला नीट बघवेना.

आणि जनसंख्या? त्यात बाहेरून पडलेली भर म्हणजे मी, बाबा आणि बाबांचे मिलमधले एक दोस्त, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले.

बाबा इंदूरच्या मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. पलीकडचा साचा काकांचा. मिल बंद पडली तेव्हा फाटकावर लाठ्या चालल्या आणि बाबांचा कोपर मोडला. कोपर कसाबसा जुळला, माणूस जुळला नाही. पहाटे उठायचे, डबा मागायचे, दार उघडून भोंग्याची वाट बघत उभे राहायचे. भोंगा व्हायचा नाही. मग हाताला लागेल ते आपटायचे. एकदा आरसा फोडला, एकदा माझ्या हातातलं ताट भिरकावलं. आई नव्हती, ती बरी सुटली असं वाटायचं मला. एका सुट्टीत घरी आले तर बाबा पंख्याच्या कडीला दोर बांधत होते. मी त्यांचे पाय धरले. झटापटीत त्यांनी माझ्या थोबाडीत इतक्या जोरात मारली की ओठ फाटला. मग खाली बसून लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसमध्ये घालून डोंगरात आणलं. बाबा जिवंत राहावेत, ह्यापलीकडे मला काहीही नको होतं.

काका एकटेच होते, तेही मागोमाग आले. शाळेखालच्या खदानीत दोघांना गिट्टी, म्हणजे रस्त्याची खडी, फोडायचं काम मिळालं. तेव्हा धोरण बदललं होतं म्हणे. मिलला टाळं आणि रस्त्यांना पैसा. रस्त्याला गिट्टी लागते आणि गिट्टीला डोंगर. दिवसभर घण मारून बाबा दमायचे, जेवायचे, झोपायचे. महिनाभरात त्यांनी एकही भांडं आपटलं नाही. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे बाबांचे कान गेले होते; बोलणं ऐकू येत नसे, भोंग्यासारखा मोठा आवाज तेवढा पोहोचायचा. मिलमध्ये सगळे हातांनीच बोलत, आणि ते बोलणं मी लहानपणीच उचललं होतं. दोन मुठी जोडून झटक्यात वेगळ्या केल्या की धागा तुटला, साचा थांबव. बोटं तोंडाशी नेली की जेवायची सुट्टी. आमच्या घरात अर्धा संसार असाच चालायचा.

सुरुंगाच्या आधी खदानीचा एक माणूस खडकावर चढून लाल फडकं हलवत ओरडायचा, "हटो रे!" की सगळे नाल्याकडे पळत. एकदा वाऱ्यात त्याचा आवाज पोहोचला नाही आणि एका बाईच्या पायाचा चेंदा झाला. तेव्हा ठेकेदाराने भंगारातून भोंगा आणला आणि खदानीच्या तोंडाशी खांबावर बसवला. तो आमच्याच मिलचा होता. बाबांनी लांबूनच ओळखला. जवळ जाऊन त्याच्यावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "देख बेटा, भंगारात गेला असता, बच गया!"

काका हसले. "भिया, आपण आलो ना, तर हा पण मागे-मागे आला."

त्या संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून हातांनी आणि तोंडाने समजावलं. भोंगा वाजला की खदानीपासून लांब पळायचं. बाबा चिडले. "मला काय छोरा समजते का? सब पता आहे."

आणि त्यांना खरंच सगळं पता होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वऱ्हांड्यात होते. पोरांना आत भिंतीला टेकून बसवलं होतं. खाली मोहाच्या झाडाखाली बाबा आणि काका डबा खात होते. भोंगा वाजला. तोच खर्जातून वर चढत जाणारा आवाज, ज्याच्यावर आमची सगळी चाळ उठायची, नळ भरायची, चुली पेटवायची. गावातले मजूर नाल्याकडे धावत सुटले. बाबा आणि काका उठले. डब्यांची झाकणं लावली, टोप्या झटकल्या आणि भराभर पावलं टाकत खदानीकडे निघाले. उशीर झाला तर फाटक बंद होतं, अशा घाईने.

मी किंचाळले. बहिऱ्या माणसाला, भोंग्याच्या आवाजात. मग पळत सुटले, पण मध्ये अख्खा उतार होता.

पायवाटेला एक वळण होतं. आमच्या गल्लीलाही तसंच वळण होतं, आणि पाळीवर जाताना बाबा तिथे मागे वळून मला हात करायचे. मी उंबऱ्यावर उभी असायचे. बाबा त्या दिवशी डोंगरातल्या वळणावर थांबले, मागे वळले आणि त्यांनी हात वर केला.

मी दोन मुठी जोडून झटक्यात वेगळ्या केल्या. धागा तुटला. थांबव.

बाबा जागच्या जागी थांबले. डोक्याने विचार केला असता तर वेळ गेला असता, त्यांचं अंगच थांबलं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका चार पावलं पुढे गेले होते, पाठ आमच्याकडे. बाबांनी त्या पाठीकडे बघत मुठी जोडल्या, तोडल्या, जोडल्या, तोडल्या. हाक मारायची त्यांना सुचलीच नाही. साच्यावर कुणी हाक मारत नसे.

डोंगर फुटला. धूळ बसली तेव्हा बाबा गुडघ्यांवर होते, कपाळातून रक्त वाहत होतं, आणि काकांच्या जागी दगडांचा ढीग होता. त्यातून एक हात बाहेर आलेला. डबा लांब उडून उघडला होता. मी बाबांना मिठी मारली आणि पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की हे वाचले. आजही ते लपवावंसं मला वाटत नाही.

संध्याकाळच्या आत टेकड्याटेकड्यांवरून ढोल वाजला. माणसं कुऱ्हाडी, गोफणी, धनुष्यबाण घेऊन उतरली. खदानीची माणसं लाठ्या घेऊन भोंग्याच्या खांबाभोवती उभी राहिली. पोलिसांची गाडी खाली रस्त्यावर आली आणि तिथेच थांबून राहिली. पहिला दगड कुणाचा आला कळलं नाही, पण मुकादमाचे दात तुटले आणि मग लाठ्या सुटल्या. एका पोराचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. खांब कोसळला, भोंगा उताराने गडगडत आला, मी आणि बाबा काकांजवळ बसलो होतो तिथे, आमच्या पायांशी. एकाने त्याच्यावर कुऱ्हाड उगारली.

म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिने त्याचा हात धरला. "रुक. जो मर्यो ऊ कुणको आदमी छे?"

सगळे आमच्याकडे बघू लागले. धनुष्यं खाली झाली. ज्या डोंगरात माझ्या पणजोबांनी माणसं धरून दिली, तिथले लोक आता आमच्या माणसासाठी रीत पाळून उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना शब्द ऐकू गेले नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा कळल्या. ते उठले. कुणीतरी पुढे केलेला घण त्यांनी घेतला. मुकादम रक्ताळल्या तोंडाने धावून आला आणि त्याने बाबांची गचांडी धरली. "बुड्ढे, हाथ मत लगाना, मालिक का है!"

"आमचा आहे," बाबा म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्याने. "आम्हीच फोडणार." मोडून जुळलेल्या कोपराने त्याला मागे ढकललं आणि घण उचलला.

पहिल्या घावाला पत्रा चेपला. तिसऱ्या-चौथ्याला आतलं चाक निखळून पडलं. मग बाकीच्या कुऱ्हाडींची गरजच उरली नाही. बाबा मारत राहिले. तुकड्यांचे तुकडे झाले, घण खडकावर बसून ठिणग्या उडाल्या, हाताची सालं निघाली, तरी ते मारतच राहिले. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि दोन मुठी जोडून वेगळ्या केल्या.

ते थांबले. धापा टाकत माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्या डोळ्यांत तो पंखा दिसला, तो दोर दिसला.

"आता कामावर कोण बोलवणार?" त्यांनी विचारलं.

मी बोटं तोंडाशी नेली. जेवायची सुट्टी. त्यांनी थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहिलं, घण खाली ठेवला आणि माझ्यामागून शाळेकडे चढू लागले. वळणावर मी मागे वळून पाहिलं. ते येत होते.