वाफसा म्हंजी वाफ न्हवं

"मॅडम, ॲप्रन काढा. ह्यांना घालायचाय."

साहेब असं बोलले आन् मी ॲप्रन काढला. बटणं मीच सोडली, घडी मीच घातली, दोन्ही हातांनी मीच दिला. कुणी हिसकावून घेतला असता तर आज सांगताना जरा सोपं गेलं असतं.

ज्याला दिला तो गोरा माणूस. शेजारच्या केमिकल कंपनीत मशीन बसवायला आलेला फिटर. शेतीचा आन् त्याचा संबंध जेवणापुरता. साहेबांची त्याची धाब्यावर ओळख झाली, आन् आठवण म्हणून एक फोटो काढू असं सांगून त्याला आमच्या प्रयोगशाळेत आणला. ॲप्रनच्या खिशावर माझं नाव व्हतं, लाल दोऱ्यानं मीच भरलेलं. त्यानं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आन् माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बिचारा लगेच काढायला लागला. साहेबांनी हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नो प्रॉब्लेम नो प्रॉब्लेम करत. मग मला म्हणाले, "जरा बाजूला व्हा मॅडम, तुमची सावली पडतेय."

माझी सावली. ऐकणाऱ्याला ह्यात काय बी वाटायचं न्हाई. माझ्या आज्याला वाटलं असतं.

शुद्ध बोलायला मला येतं. पाच वर्षं दुपारपासून संध्याकाळपर्यंत फोनवर तेच बोलले. इथं बोलणार न्हाई. मी कवठे येमाईची, बौद्धवाड्यातली, एम.एस्सी. झालेली. यवत सोडून कुरकुंभकडं निघालं की हायवेला आमच्या कंपनीची शेड लागायची. पिकाच्या मुळांना लागणारे जिवाणू मी तिथं काचेच्या भांड्यात वाढवायचे. जिते जिवाणू. ऊन जास्त झालं तरी मरत्यात, लेकरावानी जपावं लागतं. ते बाटलीत भरायचे आन् ते औषध कवा सोडायचं, किती सोडायचं, ते शेतकऱ्यांना सांगायचं. बाटल्या सगळ्या मोबाईलवरनं विकायच्या. दुकानात एक बी न्हाई.

आधी वेबसाईटवर माझाच फोटो व्हता. नाव पहिलंच नुसतं. आडनाव साहेबांनी गाळलं, म्हणाले छोटं नाव आपलंसं वाटतं. मला बी ते पटल्यासारखं केलं मी. पर गिऱ्हाईक काय खुळं न्हाई. फोन यायचे. औषधाचं दोन मिनिटं बोलून व्हायचं, मग हळूच इचारायचे, मॅडम गाव कुठलं? मी सांगायचे. मग, "कवठ्यात कुणाच्यातल्या तुम्ही?" मी आडनाव सांगायचे. तिकडनं "असं व्हय, बरं, बघतो" म्हणून फोन कट. त्यांचं बघणं संपतच नसायचं.

मग एक दिवस साहेबांनी मीटिंग घेतली. इशय काय, तर कुठल्या देशाचा तज्ज्ञ लावायचा. ठिबकवाल्यांना इस्राएल चालतं. फुलवाल्यांना हॉलंड. औंदा शेवंतीवाल्यांवर जोर व्हता, म्हणून हॉलंड ठरलं. फिटर तिसऱ्याच देशाचा. त्याचा हॉलंडचा डॉक्टर झाला, बसल्या जागी. फोटोतल्या खिशावरचं माझं नाव कॉम्प्युटरवर पुसलं. ॲप्रन माझा, बाटली माझी, खालचा मजकूर माझा. वर तोंड त्याचं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला वर बोलावून विक्रीचा आलेख दाखवला. रेघ टेकडीवानी वर चढलेली. म्हणाले, "बघा, मी नाही म्हणत हे. गिऱ्हाईक म्हणतं." त्यांचा आवाज वाईट नव्हता. पंख्याचा वेग वाढवावा तसं सहज सांगत व्हते. मी त्या रेघंकडं बघत उभी राहिले. एका बी माणसानं त्या डॉक्टरला इचारलं नव्हतं, तुम्ही कुणाच्यातले. त्याची डिग्री इचारली नव्हती. त्याचं आडनाव तर कुणाला म्हणता बी आलं नसतं.

मला तवा आईची आठवण झाली. आई कवठ्यात आबांच्या रानात खुरपायला जायची. आबा म्हंजी मोठे बागायतदार. पाणी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आबा बांधावरनं तिला इचारायचे, वाफसा आला का गं? ज्याला ठाऊक न्हाई त्याच्यासाठी सांगते. पाणी दिल्यावर माती लई ओली बी न्हाई आन् सुकी बी न्हाई, अशी मधली येळ येती, तो वाफसा. तवाच रानात शिरायचं, तवाच खत-औषध. आई मूठभर माती उचलायची, दाबायची. गोळा झाला पायजे, आन् टिचकी मारली की फुटला पायजे. मग ती सांगायची, उद्या दुपारनं येतोय. संध्याकाळी पारावर आबा लोकांना सांगायचे, माझा अंदाज हाय, उद्या दुपारनं वाफसा येतोय. लोक म्हणायचे, आबांची नजर म्हंजी नजर. मी आईला म्हणायचे, तू बोलत का न्हाईस? ती म्हणायची, माती काय आबांची ऐकती व्हय, माझीच ऐकती. हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

मजकुरात मी लिहिलं व्हतं: लागवडीनंतर पाणी द्या, वाफसा आला की औषध सोडा. साहेबांना ते गावंढळ वाटलं. म्हणाले, हॉलंडचा माणूस असं बोलेल का, भाषांतर केल्यासारखं वाटलं पाहिजे. मजकूर पुण्यातल्या एका एजन्सीकडं गेला. त्यांनी तो इंग्रजीत केला आन् परत मराठीत आणला. परत आला तवा त्यात लिहिलं व्हतं: लागवडीनंतर माती उत्तम प्रकारे वाफवून घ्यावी, मगच औषध सोडावे.

मी सकाळी वाचलं. ऑफिसच्या ग्रुपवर तवाच टाकलं: वाफसा म्हणजे वाफ नव्हे, मजकूर बदला. वर जाऊन तोंडानं बी सांगितलं. साहेब म्हणाले, लोकांना फॉरेनचं वाटतंय ना, राहू द्या दोन दिवस, जाहिरात चालू आहे. मी खाली आले. गप बसले. त्या दोन दिवसांचं पाप माझं बी हाय, ते मी कुणावर ढकलत न्हाई.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. यवतजवळचे शेवंतीवाले आप्पा. दोन हंगाम माझ्याशी फोनवर बोलायचे, माझ्या प्रत्येक शब्दाला चार प्रश्न इचारायचे. शेजाऱ्याला इचारायचे, दुकानदाराला इचारायचे, मग एका ओळीला सोडून बघायचे आन् मगच पुढं. त्या दिवशी त्यांनी एकच इचारलं. माती वाफवायला पाणी किती तापवायचं?

मी म्हणाले, तापवू नका आप्पा, ते चुकीचं छापलंय, रोपं मरतील.

"तुमचं ठीक हाय मॅडम," आप्पा म्हणाले, "पर एकदा डॉक्टरांना इचारून सांगा."

आन् मी म्हणाले, "विचारते."

कुणाला इचारणार व्हते मी? फिटरला? तोंडात आलं व्हतं, डॉक्टर-बिक्टर कुणी न्हाई, ही बाटली माझी हाय, मी सांगते तेच खरं. पर टेबलाच्या पलीकडं साहेब उभे व्हते. मी म्हणाले विचारते, आन् फोन ठेवला. ॲप्रन दिला त्यापेक्षा ही मोठी लाचारी. तो अंगावरचा व्हता, हे तोंडातलं व्हतं.

आप्पा थांबले न्हाईत. त्यांनी चुलवणावर पाणी उकळलं आन् शेवंतीच्या वाफ्यांत सोडलं. तिसऱ्या दिवशी पाटीत रोपं घेऊन ऑफिसात आले. शिजलेल्या मेथीवानी पडलेली रोपं. त्यांनी पाटी साहेबांच्या टेबलावर ठेवली आन् म्हणाले, तुमच्या डॉक्टरला बोलवा.

साहेबांनी मला बोलावलं. कागद तयारच व्हता. मजकूर माझ्या चुकीनं बिघडला, सगळी जबाबदारी माझी, असं छापलेलं, आन् खाली माझं नाव. पूर्ण नाव. आडनावासकट. पाच वर्षांत त्या कंपनीनं माझं आडनाव पहिल्यांदा छापलं व्हतं. मी ग्रुपवरचा मेसेज काढून दाखवला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई.

"तुमच्या नावाला बाजारात किंमत नाही मॅडम," ते म्हणाले. "मग सही करायला एवढं जड का जातंय?"

त्या ऑफिसात मी पहिल्यांदा माझ्या बोलीत बोलले.

"ॲप्रनवर नाव नको व्हतं, आन् कागदावर पायजे व्हय? द्यायचं तर दोन्हीकडं द्या. न्हाईतर कुठंच मिळायचं न्हाई."

साहेब नोकरीचं काहीतरी बोलले. मी ऐकत नव्हते. मी आप्पांकडं वळले आन् सगळं सांगितलं. डॉक्टर फिटर हाय. बाटली माझी हाय. मजकूर माझा हाय, त्यातला वाफसा ह्यांनी काढून वाफ घातली. मला कळलं व्हतं आन् मी दोन दिवस गप बसले. तुम्हाला इचारते म्हणाले ते खोटं व्हतं, कारण इचारायला माझ्या वर कुणी नव्हतंच. मग माझं आडनाव सांगितलं, त्यांनी इचारायच्या आधी.

आप्पांनी पाटीतली रोपं चाचपली. मग म्हणाले, "पर पोरी, तू सांगितलं असतंस ना पाणी तापवा म्हणून, तर मी तापवलंच नसतं. येडी म्हणलो असतो तुला."

त्यांना वाटलं ते मला धीर देत्यात.

"तेच तर म्हणते मी आप्पा," मी म्हणाले. "मी खरं सांगितलं तवा तुम्ही चार जणांना इचारलं. त्यानं खोटं सांगितलं तवा तुम्ही चूल पेटवली."

आप्पांनी पाटी उचलली आन् निघाले. मला वाटलं व्हतं दारात तरी वळून बघतील. बघितलं न्हाई. म्हातारा माणूस, त्यांच्या रोपांचं मला अजून वाईट वाटतं. पर मी काय बोलले त्यातला एक शब्द बी मागं घेत न्हाई. सही केली न्हाई. खुंटीवरचा ॲप्रन काढला, तो माझा व्हता, आन् यवतच्या स्टँडवर येऊन एसटीत बसले.

आता कवठ्यातच एका खोलीत भांडी मांडली हायती. बाटल्या थोड्या व्हत्यात. मोबाईलवर माझं स्वतःचं पान हाय, त्याच्यावर आईचा फोटो, हातात मातीचा गोळा. खाली दोघींची नावं, पूर्ण. लोक म्हणत्यात, आडनाव काढ, धंदा चालंल. एक जण तर म्हणाला, एखादा गोरा लाव. त्याला मी घरातनं हाकलला.

फोन येतो. मी हॅलोच्या आधी नाव सांगते, आडनाव सांगते, गाव सांगते. ज्याला फोन ठेवायचाय त्यानं तिथंच ठेवावा. ज्याला औषध इचारायचंय त्यानं मला इचारावं. परवा एकानं इचारलं, मॅडम, वरच्या साहेबांना एकदा इचारून सांगता का?

"वर कुणी न्हाई," मी म्हणाले. "बोला."