आमच्या फोनच्या तारेवरून आलेली समिती

किस्से गोळा करायला म्हणून मी कधी उठून गेले नाही. ते अळवासारखे असतात. परसात एक गड्डा लावावा, दोन वर्षांनी बघावं तर कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे गेलेला! आता शेजारीच जर शाळा असेल, आणि तीही चर्चचे पाळक तयार करणारी ख्रिस्ती शाळा, तर मग विचारूच नका. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांचं ऑफिस यांच्यात एक फणस आणि आठ पावलं. लोक मला चौकस म्हणतात. आमचे हे त्याहून वाईट शब्द वापरतात. पण खिडकी मी बांधली नाही, सासऱ्यांनी बांधली.

देवबागच्या वाटेवरची ही शाळा तशी छोटी. विद्यार्थी अकरा, त्यातल्या तीन मुली. शाळेचे मुख्य पीटर सर. पूर्वी हायस्कुलात गणित शिकवायचे, ती नोकरी सोडून त्यांनी ही शाळा काढली. त्यांच्या बायको मार्थाबाई स्वयंपाकही बघायच्या आणि बायबलही शिकवायच्या. दोन हजार नऊ साल असावं. वरच्या संस्थेचं पत्र आलं की या वर्षी मान्यता मिळाली नाही तर जूनपासून मुलं दुसरीकडे पाठवू आणि शाळेला कुलूप घालू. पत्र मला सरांनी दाखवलं नाही. मार्थाबाईंनी दाखवलं.

मान्यता द्यायची म्हणजे तीन माणसांची समिती येऊन तीन दिवस राहून सगळं बघते. पण अध्यक्ष नागपूरचे, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या एक बाई शिलाँगच्या, तिसरे गृहस्थ सिंगापूरला. कोणालाच निघता येईना. तेव्हा असं ठरलं की समिती कॉम्प्युटरवरून येईल.

*

आता कॉम्प्युटर होता, पण शाळेला फोनच नव्हता. अर्ज देऊन दीड वर्ष झालेलं. फोन आणि ब्रॉडबँड आमच्याकडे, कारण मुलगा पुण्याला आणि नातू बघायचा तर तेवढाच मार्ग. सर दारात येऊन पाच मिनिटं हवापाण्याचं बोलले, मग मुद्द्यावर आले. मी म्हटलं, "न्या की. नातू तीन दिवसांत काय मिशा फुटून मोठा होणार नाही."

तार न्यायची कशी? लाइनमन म्हणाला, अशी उघड्यावरून नेता येत नाही, वाऱ्याने तुटेल. तेव्हा बाबी आला. बाबी म्हणजे आमच्या पलीकडचा रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, साठीच्या पुढचा. त्याने जाळं विणायच्या दोऱ्याने तार फणसाला बांधली, तिथून शाळेच्या वाशाला, आणि गेला.

चार दिवसांनी लाइनमन दुसऱ्या कामाला आला, तार ओढून बघितली, लोंबकळून बघितली. म्हणाला, आमचा खांब पडेल पण हे सुटणार नाही.

बाबी कुंपणावरून म्हणाला, "खांबाक मासळी लागणा नाय, म्हणान तुमका गाठ मारूक येणा नाय."

*

समिती यायच्या आधी सरांनी मुलांची तालीम घेतली. बाहेरच्या माणसासमोर बोलायची सवय व्हावी म्हणून मला अध्यक्ष केलं. मी सातवी पास, पण खुर्चीत बसले की बसले. प्रश्नांचा कागद दिला होता. दोन प्रश्न वाचले आणि मला कंटाळा आला. "आपल्या जीवनातील पाचारणाचे स्वरूप विशद करा." असं कोण कोणाला विचारतं?

कागद ठेवला आणि नांदगावच्या एस्तेरला विचारलं, घरी कोण कोण आहे, लग्नाचं काही बघतायत का. मग एका मुलाला विचारलं, इथे जेवण कसं असतं, खरं सांग. तो बिचारा खरं बोलायलाच शिकत होता. म्हणाला, "सोमवारी डाळ, मंगळवारी डाळ." मार्थाबाई दारातच उभ्या होत्या.

सर खोकले. म्हणाले, "सुनंदाताई, समिती असं विचारत नाही."

"मग त्यांना शाळा कशी आहे ते कळतं कसं?"

प्रत्यक्ष तपासणीत शिलाँगच्या बाईंनी मुलांना पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचाच! त्या आठवड्यात मात्र मार्थाबाईंनी दोनदा बांगडे केले होते.

*

पहिला दिवस सुरळीत गेला. दुपारी अध्यक्ष म्हणाले, आता जेवणाची सुट्टी, दोन वाजता भेटू. आणि ते बटण दाबणार एवढ्यात मार्थाबाई तीन ताटं घेऊन आल्या.

भात, सुरमईचं तिखलं, तळलेली तुकडी, सोलकढी. तिन्ही ताटं कॅमेऱ्यासमोर ओळीने मांडली. सर कानाशी लागून म्हणाले, अगं, ते इथे नाहीत. मार्थाबाई म्हणाल्या, "माका कळता तां. पण पावणे घरात इले आसत. जेवल्याशिवाय कशे जातीत?"

मला ते अगदी पटलं. पाहुणा दारातून आला काय आणि तारेवरून आला काय.

अध्यक्ष तिन्ही ताटांकडे बघायला लागले. मग उठून गेले, काठीचा आवाज येत राहिला. परत आले ते स्वतःचा डबा घेऊन. वरण-भात होता. शिलाँगच्या बाईंनीही आपली थाळी आणली. सिंगापूरच्या गृहस्थांचं जेवण झालेलं होतं, त्यांनी एक केळं सोलून हातात धरलं. सरांनी प्रार्थना म्हटली आणि सगळे एकत्र जेवले. अध्यक्ष मधेमधे आपल्या वरणाकडे बघत होते आणि मग पडद्यावरच्या सुरमईकडे.

ती तीन ताटं? एक बाबीने खाल्लं. बाकीच्यांचं मी सांगत नाही, आमचे हे वाचतात.

*

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय. पुस्तकं शेजारच्या खोलीत आणि कॅमेऱ्याची वायर हातभर. कॅमेरा तिकडे जाईना, तेव्हा ग्रंथालयच कॅमेऱ्याकडे आणायचं ठरलं. ओळ लावायचं काम बाबीने अंगावर घेतलं, कारण माणसं ओळीत उभी करण्यात त्याचा जन्म गेलेला.

रापण तुम्ही बघितली असेल. जाळ्याचा दोर किनाऱ्यावरून वीसपंचवीस माणसं ओढतात. ओढत ओढत मागे जातात, आणि शेवटचा माणूस दोर सोडून परत पाण्याशी जाऊन पुढचा होतो. बाबीने तेच केलं. पुस्तक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबायचं, पुढे जायचं, आणि शेवटच्याने पुढे यायचं. शेवटचा पुढे येताना हातातलं पुस्तक घेऊनच येत होता!

अर्धा तास झाला. सिंगापूरचे गृहस्थ मोजत होते आणि खूश दिसत होते. एवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "ते हिरवं, पाठ फाटलेलं पुस्तक मी तिसऱ्यांदा बघतोय."

सरांचा चेहरा असा झाला की मला खिडकीतून बघवेना. पाळक तयार करणारी शाळा आणि पुस्तकांच्या मोजणीत लबाडी, असंच दिसत होतं ना ते.

बाबी पुढे आला. म्हणाला, "सायबानू, चूक माजी. रापणीत शेवटचो माणूस पुढे येता."

सरांनी रापण म्हणजे काय ते समजावलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मासळी पण दोनदा मोजता का?"

"नाय. ती एकदाच गावता."

पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली. आणि मोजता मोजता सर स्वतःच म्हणाले की अर्जात लिहिलेल्या आकड्यातून आणखी काही वजा करा, ती कपाटातली वाळवीने खाल्लेली आहेत, मी ती धरली होती, धरायला नको होती. कोणी विचारलंही नव्हतं. आकडा नियमात बसत होता तो बसेनासा झाला. अध्यक्षांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. त्या दुपारी सर जेवले नाहीत. मार्थाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि बराच वेळ नुसता पदर घडी करत राहिल्या.

*

त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांची भेट होती. शाळेबद्दल आसपासच्या लोकांना काय वाटतं तेही समिती विचारते म्हणे. आम्ही दहाबारा जण बाकांवर बसलो. एकही ख्रिस्ती नाही. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातलेले, आणि कपड्यांबरोबर भाषाही इस्त्री केलेली. अध्यक्षांनी विचारलं, "ही शाळा बंद झाली तर तुम्हाला काय फरक पडेल?"

एक म्हणाला, शाळा चांगली आहे. दुसरा म्हणाला, मुले सभ्य आहेत. झालं, संपलं. मला आतून इतकं होत होतं! ही मुलं रोज आमच्या वाडीतल्या पोरांचा अभ्यास घेतात, रापणीला हात लावतात, बाबी तापाने पडला तेव्हा आळीपाळीने त्याच्या उशाशी बसलेली. पण एरवी दिवसभर चालणारी माझी जीभ नेमकी टाळ्याला चिकटली.

तेव्हा बाबी उठला. डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, "माका बोलूक येणा नाय. मी गाऱ्हाणा घालतंय."

आमच्याकडे लग्न असो, होडी पाण्यात घालायची असो, कोणीतरी जाणता उभा राहून देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे होकार देतात. तसाच तो कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जो शिक्षणाचो खटाटोप मांडलेलो आसा, तो तू मान्य करून घे रे म्हाराजा."

आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

"मोजणीत काय वाकडा झाला आसात, तां सरळ करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि हे जे तीन पावणे काचेत बसलेले आसत, तेंच्या मनात बरी बुद्धी घाल. तेंचे गुडघे बरे कर. हो दिवो हयसरच पेटतो ठेव रे म्हाराजा."

तिसऱ्या वेळी मागे उभी असलेली अकराही मुलं आमच्याबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणाली. सर खाली बघत होते. शिलाँगच्या बाईंना एक अक्षर कळलं नसणार, पण त्या अगदी स्पष्ट म्हणाल्या, "आमेन."

मग अध्यक्ष सिंगापूरच्या गृहस्थांना इंग्रजीत बराच वेळ समजावत होते. त्या गृहस्थांनी फॉर्म उलटसुलट करून काहीतरी विचारलं. ते काय बोलले ते मी नंतर एस्तेरकडून काढून घेतलं. गृहस्थ विचारत होते, हे मी कोणत्या सदराखाली लिहू?

अध्यक्ष म्हणाले होते, "ग्रंथालयाखाली लिहा. तिथे जागा रिकामी आहे."

*

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता निकाल. सरांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ऑफिसात मुलं, दारात मार्थाबाई, खिडकीपाशी बाबी, आणि मी या वेळी रीतसर आत, खुर्चीवर. अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली. आधी आभार, मग शाळेचा इतिहास, मग ग्रंथालयाबद्दल एक लांबलचक वाक्य ज्यात "तथापि" दोनदा आला. मग ते थांबले, पान उलटलं, म्हणाले, "वरील सर्व बाबी विचारात घेऊन समितीचा निर्णय असा आहे की..."

आणि लाइट गेली.

भारनियमन. एरवी दुपारी जायची, त्या दिवशी लवकर गेली. पडदा काळा. कोणी हललं नाही. सर त्या काळ्या काचेकडे तसेच बघत राहिले. एस्तेर म्हणाली, आता लाइट तीन तासांनी येते. मला तिथे बसवेना. मी घरी आले, आणि बघते तर फोन वाजतोय. लाइट गेली तरी साधा फोन चालतो, हे मीच विसरले होते.

नागपूरहून अध्यक्ष बोलत होते; समितीला आमचाच नंबर दिलेला होता. म्हणाले, पीटर सरांना बोलवा, निकाल त्यांनाच आधी सांगायचा असा नियम आहे.

मी म्हटलं, "बोलावते साहेब. मी निकाल विचारत नाही. पण त्या माणसाच्या पोटात सकाळपासून काही नाही. वाईट असेल तर तेवढं मला सांगा, मी आधी त्यांना दोन घोट चहा पाजते, मग फोनवर आणते. बरं असेल तर काही बोलू नका."

मी थांबले. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"साहेब?"

पंखाच. फोन तर चालू होता. मध्येच कोणीतरी घसा साफ केला, पण शब्द नाही आला.

मी रिसिव्हर अलगद बाजूला ठेवला आणि आठ पावलं गेले. सगळे अंगणात येऊन उभे होते. जन्मात कधी एवढी मोठी गोष्ट तोंडात धरून मी चालले नव्हते. सरांना फक्त म्हटलं, "फोन आहे तुमचा." ते चप्पल न घालताच धावले.

बाबी माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "काय म्हणता गो तो सायब?"

मी म्हटलं, "माका काय म्हायत?"

त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"मगे रडतंस कित्याक?"