धुतलेली टाकी

आतला गिलावा तपासून मी टाकीतून बाहेर आलो. शिडी उतरून जमिनीवर पाय टेकले. खाली दोन गडी बादल्या घेऊन उभे होते. बादल्यांत शेण कालवलेलं पाणी. एकाच्या हातात गोमूत्राचा तांब्या. दुसऱ्याच्या खांद्यावर खराटा. मला वाटलं, पाणी भरण्याआधीची पूजा असेल.

"उतरलं व्हय सायेब? आता आमची पाळी," खराटेवाला म्हणाला. दुसरा फिसकन हसला.

सरपंच पुढं आले. गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांनी हात जोडले. "सायेब, मनाला लावून घिऊ नगा. तुमी लय शिकल्यालं. पर गावाचं प्यायाचं पानी हाय."

तेव्हा कळलं. टाकी धुवायची होती. आत माझे पाय लागले होते म्हणून.

ती टाकी मीच डिझाइन केली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाव मेढ्याच्या पलीकडचं, डोंगरउतारावरचं. मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका कचेरीत ज्युनिअर इंजिनिअर होतो. आमच्या घराण्यातला पहिला. खांबांवरची गोल टाकी, सिमेंट काँक्रीटची. आकडेमोड सगळी हातानं आणि स्लाइड रूलवर. घराच्या स्लॅबला केसाएवढी चीर चालून जाते, पाण्याच्या टाकीला चालत नाही. म्हणून सळीची ताकद मुद्दाम कमी धरायची, सळ्या जास्त घालायच्या. कोयनेचा भूकंप लोक विसरले नव्हते. भरलेली टाकी भूकंपात हलली तर काय, रिकामी असताना वादळ आलं तर काय, सगळं धरलं होतं. पुन्हा पुन्हा तपासलं होतं. टाकी गळली असती तर लोक सिमेंटला नाही, माझ्या जातीला नाव ठेवणार होते. हे मला पक्कं ठाऊक होतं.

जात मी लपवली नव्हती आणि सांगितलीही नव्हती. आडनाव गावावरून पडलेलं. आदल्या दिवशी आबांनी चहा पाजत गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या अंगाला, ते विचारलं. मी म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडं." त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. तेवढ्यात त्यांना हवं ते मिळालं होतं.

आता शिडीपाशी आबा मला विचारत होते, "शेणानं गिलाव्याला काय व्हनार न्हाई न्हवं?"

मी उत्तर दिलं. हे लिहिताना अजून हात थांबतो. मी म्हणालो, "काही होत नाही. पण खराटा जोरात मारू नका. कडेला कुंचा वापरा."

माझा विटाळ कसा धुवावा, ते मीच त्यांना शिकवलं. नवा गिलावा खरवडू नये, एवढीच मला काळजी होती. किंवा तेवढीच आहे असं दाखवत होतो. गडी वर चढले. आत खराट्याचा आवाज घुमत राहिला. मी खाली उभा राहून ऐकला.

दुपार कलली तसा मी ओढ्याकडं निघालो. माणसांत बसवत नव्हतं. ओढ्याच्या वाळूत एक झिरा उकरलेला होता. भोवती तीन-चार बाया रिकामे हंडे घेऊन बसलेल्या. गावाबाहेरच्या वस्तीतल्या. आमच्यातल्याच. झिऱ्याचं पाणी हिरवट झालेलं, वर शेणाचा फेस.

एक म्हातारी उठली. "आवं सायेब, वरनं शेणाचं पानी आलं. समदा झिरा नासला. कुनी सोडलं वं?"

मी वर पाहिलं. टाकी धुतल्यावर घाण बाहेर जावी म्हणून तळाला एक पाइप असतो. त्या पाइपाचं तोंड मी ओढ्याकडं काढलं होतं. उतार तिकडं होता, पाइप कमी लागत होता. ओढ्यावर पाणी कोण भरतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. ओढ्यापलीकडं जन्मलेला माणूस मी. मीच विचारलं नव्हतं.

"मी सोडलं," मी म्हणालो.

"तुमी? कशापायी?"

"माझ्यापायी, आजी. मी टाकीत उतरलो म्हणून त्यांनी ती धुतली."

ती हळू म्हणाली, "आपलाच हाईस व्हय रं?" आणि खाली बसून ओंजळीनं फेस बाजूला करू लागली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू व्हायचा होता. गाव जमलं होतं. मी आबांना म्हणालो, "आधी पाइपाचं तोंड फिरवायचं. ओढ्यात नाही, तुमच्या भाताच्या खाचरात. उतार तिकडंही आहे. शेणाचं पाणी आहे, पीक चांगलं येईल."

कुणी हसलं नाही.

"आणि धुतल्यावर गिलावा पुन्हा बघावा लागतो. मी आत उतरणार."

"मग आमाला परत धुवावी लागंल, सायेब."

"धुवा. मी परत उतरेन. भरायला मी सांगेन तेव्हाच पंप लागेल."

"लोक पिनार न्हाईत ते पानी."

"मग नका पिऊ."

कामावरच्या मुकादमानं पाइप फिरवला. मी आत उतरलो आणि आतूनच ओरडलो, "पंप लावा." पाणी तळावर पसरलं. घोटे बुडाले तरी मी हललो नाही. शूर नव्हतो. रडत होतो. पोटऱ्या भिजल्यावर वर आलो. माझे पाय आता पाण्यालाच लागले होते, धुवायला काही उरलं नव्हतं.

कचेरीत आमचे साहेब म्हणाले, "तुला डिझाइनला ठेवलंय, चळवळीला नाही." मला साइटवरून काढून टेबलाला बांधलं. गावानं काही दिवस जुन्या विहिरीवरून पाणी आणलं, मग मुकाट्यानं नळाचं प्यायला लागलं. वस्तीला मात्र त्या योजनेत नळ मिळाला नाही. ती म्हातारी त्या संध्याकाळी काय प्यायली, हे मी विचारलं नाही. पायच वळले नाहीत तिकडं. ते ओझं माझ्याजवळच आहे. कुणी उतरवू नये.

पुढं साइटवर परत जायला लागलो. आता कुठल्याही गावात टाकीचं काम निघालं की पहिल्यांदा वस्तीवर जातो. पाणी कुठून भरता, ते विचारतो. मग चावडीवर जाऊन, कुणी घर कुठल्या अंगाला विचारायच्या आधी, मी कोण ते मोठ्यानं सांगतो. टाकीत शेवटचा मीच उतरतो. ज्याला ते पाणी चालणार नाही, त्यानं तहानलेलं राहावं. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत.