चोवीस अंशांची चूक

"मी ज्योतिषी न्हाई बरं का, टायपिस्ट हाय."

गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत चाचा हे सांगून टाकायचे. मग दोन्ही हात पँटला पुसायचे, की-बोर्ड पुढे ओढायचे आणि स्क्रीनवर गणपतीचं चित्र येईपर्यंत गप्प बसून राहायचे.

शिरूरच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान आहे. शटर एक, धंदे दोन. डावीकडे माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशन, उजवीकडे त्यांचा कॉम्प्युटर. असं एखादं दुकान तुमच्याही गावात असेल. अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा बायोडाटा आणि खाली 'येथे संगणकावर पत्रिका मिळेल'. आमच्याकडे फरक एवढाच, की पत्रिका काढणारे चाचा मधेच उठून नमाजाला जायचे आणि गिऱ्हाईक तोवर माझ्याकडे गप्पा मारत बसायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं मी पाहिलं नाही. चाचांच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, एवढंच लोकांना पुरे होतं.

जन्मवेळ काढून घेणं ही तर रोजची करमणूक.

"पोरगं किती वाजता झालं?"

"दूध घालायच्या टायमाला."

"सकाळच्या का संध्याकाळच्या?"

"सकाळच्या."

"डेअरीत तुमचा नंबर पयला का शेवटचा?"

कोर्टातला वकील परवडला, पण ही उलटतपासणी नको. कुणी म्हणायचं, कंपनीची सेकंड शिफ्ट सुटली तवा. कुणी म्हणायचं, लाइट गेली तवा. चाचा त्यातून मिनिटापर्यंत पोचायचे. मी एकदा चिडवलं, "चाचा, तुमचा तरी विश्वास आहे का यावर?"

"खरं का खोटं ते वरच्याला ठावं, ताई. चूक का बरोबर ते मातर माझ्याकडं."

माझी मुलगी कॉलेजात गेली आणि एक दिवस मोबाइल नाचवत दुकानात आली. तिचा जन्म ऑगस्टच्या सुरुवातीचा. मोबाइल म्हणत होता तिची रास सिंह. चाचांनी पत्रिका काढली, तर सूर्य कर्केत. वर ते म्हणाले, "आपल्यात सूर्याची रास धरत न्हाईत, चंद्राची धरत्यात. तुझी तूळ."

"एका माणसाला तीन राशी? मग मी नक्की कोण?"

"तू आधी स्कॉलरशिपचा फॉर्म भर."

पण पोरीनं पाठ सोडली नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते मला आजही तोंडपाठ आहे. "आपल्या घोडनदीचा काठ बघितला का? दर पुराला सरकतो. आता समज, एकानं जमीन काठापासनं मोजली आन् दुसऱ्यानं बांधावरच्या दगडापासनं. जवा मोजाया लागले तवा काठ आन् दगड एकाच जागी व्हते. फुडं काठ सरकला. इंग्रजीवाले ऋतूचा काठ धरून राशी मोजत्यात, त्याला सायन म्हणायचं. आपले ताऱ्यांचा दगड धरत्यात, ते निरयन. दोघांत आज चोवीस अंशांचं अंतर पडलंय. आता हेच बघ, दिवस मोठा व्हाया लागतो नाताळाच्या आधी, आन् आपण तिळगूळ खातो जानेवारीत. मधलं तीन आठवडं म्हंजी ह्योच फरक."

"मग बरोबर कोण?"

"दोघं बी. फकस्त एकाची मोजणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढवायची न्हाई."

आणि नेमकं तेच चाचांच्या हातून झालं.

कॉम्प्युटर बिघडला होता. दुरुस्त होऊन आला, पत्रिकेचं सॉफ्टवेअर नव्याने भरलं आणि काम सुरू झालं. तीन आठवड्यांनी एक जण फाटलेली जुनी पत्रिका नवी करून घ्यायला आला. जुनीत रास मेष, नवीत वृषभ. चाचांनी दोनदा काढली, तीनदा काढली. मग सेटिंग उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तिथे 'निरयन' असायला हवं होतं, ते 'सायन'वर राहिलं होतं. तीन आठवडे आमच्या दुकानातून गणपतीच्या चित्राखाली इंग्रजी मोजणी बाहेर पडत होती.

मी म्हटलं, "राहू द्या. कुणाला कळणार आहे?" ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वही काढली, एकोणीस नावं निघाली, एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. बहुतेक जण हसले. बारसं होऊन गेलंय, आता नाव बदलू का, म्हणाले. एक आजोबा तर नवी पत्रिका घ्यायलाच तयार होईनात. "आदलीच बरी व्हती. तिच्यात राजयोग व्हता!"

अठरा नावं झाली. एकोणिसाव्या फोनवर मात्र चाचा नुसतं "व्हय, व्हय" करत राहिले आणि फोन खाली ठेवून म्हणाले, "ताई, माझ्यामुळं एक लगीन मोडलंय."

कवठे येमाईच्या आप्पांची मुलगी, सोनाली. दौंडचं स्थळ आलं होतं, मुलाला मुलगी पसंत होती, बोलणी होत आली होती. तिकडच्या गुरुजींनी पत्रिका जुळवल्या. मुलाचं नक्षत्र रोहिणी. सोनालीचं खरं नक्षत्र पुष्य, पण आमच्या कागदावर छापलेलं मघा. रोहिणी आणि मघा यांची नाडी एक. एकनाडी म्हणजे दोष, असं म्हणून त्यांनी नकार कळवला. आणि भावकीत पसरलं, की आप्पांच्या पोरीच्या पत्रिकेत खोट आहे. त्यानंतर एक स्थळ दारातूनच परत गेलं होतं.

"चाचा, उद्या कुणी म्हणेल, ह्यांनी कशाला पडावं पत्रिकेच्या भानगडीत," मी म्हणाले.

"म्हणतील की. म्हणून तर आधी मीच जाऊन सांगतो. तुम्ही चला. लग्नाच्या पोरीच्या घरी मी एकटा कुठं जाऊ?"

आप्पा ओट्यावर बसले होते. चाचांनी सगळं सांगितलं, एक शब्द मऊ केला नाही. आप्पांचा आवाज चढला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "चाचा, पोरगी आठ दिवस झालं उंबऱ्याबाहेर आली न्हाई वो."

सोनाली पाणी घेऊन आली होती. तिने नवी पत्रिका हातात घेतली. "म्हंजी माझ्यात दोष नव्हता?"

"न्हाई बाळ. दोष माझ्यात व्हता."

दुसऱ्या दिवशी आम्ही न्हावरा, चौफुला करत एसटीने दौंडला गेलो. मुलाच्या आईने चहा केला, दोन्ही पत्रिका पाहिल्या आणि कागद परत दिले. "आता काय उपेग? रविवारी सुपारी फुटली आमच्या पोराची."

मला वाटलं, संपलं. चाचा मात्र उठले नाहीत.

"लग्नाचं म्हणतच न्हाई मी. तुम्ही फकस्त आप्पांना एक फोन करा. पत्रिका चुकीची व्हती, पोरीत काय खोट न्हाई, एवढं तुमच्या तोंडानं सांगा. माझं सांगणं भावकी ऐकायची न्हाई. नकार तुमच्या घरनं गेलाय, तवा हे बी तुमच्याच घरनं जाऊ दे."

बाईंनी चहाची बशी बाजूला सारली. त्यांनाही मुली असाव्यात, कोण जाणे. शेवटी त्यांनी मोबाइल उचलला. "आप्पा, मी दौंडवरनं बोलते. तुमच्या सोनालीबद्दल आमचा गैरसमज झाला व्हता. भावकीत कुणी काय बोललं, तर माझ्याशी बोलायला सांगा." त्या बोलत होत्या आणि चाचा मान खाली घालून, हात जोडून ऐकत होते.

परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून जे झोपले, ते शिरूर आल्यावर मीच त्यांना हलवून उठवलं.

सोनालीचं लग्न पुढल्या वर्षी तळेगाव ढमढेऱ्याला झालं. पत्रिका जुळवली ती चाचांनीच काढलेली. मी म्हटलं, बघा, काळजी मिटली. ते नुसते हसले. पण त्यानंतर प्रत्येक पत्रिका छापायच्या आधी ते माझ्याकडून सेटिंग वाचून घ्यायचे. मी कंटाळायचे, कधीकधी न बघताच "निरयन, निरयन" म्हणायचे, आणि त्यांना ते बरोबर कळायचं.

गेल्या दिवाळीनंतर चाचा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. त्यांच्या मुलाने कॉम्प्युटर घरी नेला. उजवी बाजू मी अजून कुणाला दिलेली नाही. द्यावी लागेल, पण मन होत नाही.

परवा सोनाली आली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, हातात कागद, त्यावर जन्मवेळ मिनिटासकट लिहिलेली. चाचांचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तशी ती त्या मोकळ्या बाजूकडे बघत उभी राहिली.

मी म्हटलं, "मार्केट यार्डाजवळ एक जण पत्रिका काढतो. चांगला आहे. मी फोन करून सांगते त्याला."

तिने कागदाची घडी घातली.

"नको, ताई. त्याचं चुकलं तर घरी सांगाया कोण येणार?"