फेस बसेपर्यंत

रंगाच्या दुकानात मागच्या बाजूला, खिडकीचा उजेड थेट टेबलावर पडतो तिथे, थेंबमावशीचं राज्य होतं. एकतीस वर्षं ती गिऱ्हाइकांना हवा तो रंग बनवून देत आली. कुणी उशीचा अभ्रा घेऊन यायचं, कुणी जुन्या कपाटाचा ढलपा, एक बाई तर झाडाचं वाळकं पान घेऊन आली होती. मावशी डोळे बारीक करून बघायची आणि पांढऱ्यात थेंब सोडायला लागायची. पिवळ्याचे सात, काळ्याचे दोन, लालचा अर्धा. अर्धा थेंब कसा सोडतात, हे विचारायची दुकानात कुणाची छाती नव्हती. मालकानं रंग मिसळायचं यंत्र आणलं तेव्हा यंत्रानं काढलेला रंगही आधी मावशीच्या नजरेखालून जाऊ लागला. आपल्या मापाबद्दल ती नाकावर माशी बसू देत नसे, आणि खरं सांगायचं तर तेवढा तिचा अधिकार होता.

नवरा गेल्यावर ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली. घरात ताई, ताईची मुलगी आणि त्या मुलीची चार वर्षांची लेक. लेकीला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवा, ती तिथे पोचायची. मुंगीची आई एका मोठ्या लाँड्रीत पाळीवर जायची, ताईला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नसे. त्यामुळे मुंगीचा डावा कान दुखायला लागून ताप चढला आणि डॉक्टरीणबाईंनी जंतूंचा संसर्ग म्हणून सात दिवसांचं पातळ औषध दिलं, तेव्हा ते पाजायचं काम आपोआप मावशीकडे आलं. घरात माप कळणारं माणूस असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं कशाला?

मावशीनं ते काम डोळ्यांत तेल घालून केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळ-संध्याकाळ अशा चौदा खुणा झाल्या, एकही वेळ चुकली नाही. आणि तरीही पंधरा दिवसांत कान पुन्हा उठला. या खेपेला उशीवर पिवळा डाग पडला, आणि मुंगी डाव्या बाजूनं मारलेल्या हाकेला ओ देईनाशी झाली.

सकाळी मावशी, भाची आणि मुंगी अशा तिघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कानात बराच वेळ पाहिलं, एकही डोस चुकला नाही ना, असं विचारलं. मावशीनं घडी करून आणलेलं कॅलेंडरचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की पहिला संसर्ग पुरता गेलेला दिसत नाही, आता दुसरं औषध, दहा दिवस. त्यानंही भागलं नाही तर पोरीला भरती करून इंजेक्शनं द्यावी लागतील. आणि हे असंच वारंवार होत राहिलं तर कानाला कायमची इजा होऊ शकते.

घरी आल्यावर ताईनं सगळं खापर आपल्या लेकीवर, मुंगीच्या आईवर फोडलं. रविवारी पोरीचं डोकं धुतलंस, कानात पाणी गेलं, एवढंसं पोर सांभाळता येत नाही. भाची लाँड्रीचा गणवेश घालत ऐकत होती. तिला ते खरंच वाटत होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. मावशीला तिची कीव आली. चिठ्ठी पिशवीत घालून, दुपारच्या सुट्टीत औषध आणते म्हणून ती दुकानात गेली.

अकरा वाजता एक रंगारी तणतणत आला. एकाच बादलीतला रंग, तर पहिली भिंत फिकी आणि शेवटची गडद निघाली, घरमालकानं त्याला उभा-आडवा घेतला होता. यंत्र बिघडलंय, असं त्याचं म्हणणं. मावशीनं विचारलं, ढवळला होतास? तो म्हणाला, सकाळीच चांगला घुसळून ठेवला होता, फेस फार आला, म्हणून तो बसेपर्यंत थांबलो आणि दुपारी लावायला घेतला.

"अरे, मग फेसाबरोबर रंगही बसला की तळाला," मावशी कडाडली. "आधी वरचं पाणी लावलंस आणि मग खालचा..."

वाक्य तिथेच राहिलं. रंगारी वाट बघत होता, पण मावशी त्याच्याकडे बघतच नव्हती.

फेसाचं माप खोटं असतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. रंगात बुडबुडा राहिला तर अर्धा थेंब मोजण्यात अर्थ काय? म्हणून औषधाची बाटलीसुद्धा ती सकाळी सहाला उठल्याबरोबर खळखळून हलवायची, फेस बसावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि आठ वाजता, अजिबात हिंदकळू न देता, वरचं नितळ औषध मापात काढायची. संध्याकाळीही तसंच. बाटलीवर हलवून घ्या असं लिहिलं होतं आणि तिनं हलवलंही होतं. जगातल्या कुठल्याही आळशी माणसानं बाटली हलवून लगेच ओतली असती आणि पोर बरी झाली असती.

मालकाला सांगून ती तडक घरी आली. ताईला काही टाकवत नाही, म्हणून जुनी बाटली अजून फ्रिजच्या दारात होती, पुढच्या खोकल्याला होईल म्हणून ठेवलेली. मावशीनं ती खिडकीशी धरली. तळाला बोटभर जाड, पांढरा थर होता. मुंगीच्या पोटात जायला हवं होतं ते औषध तिथे बसलं होतं.

लपवणं अगदी सोपं होतं. बाटली मोरीत विसळली की काम झालं असतं, आणि रविवारच्या पाण्यावर खापर होतंच. मावशी मिनिटभर तिथे उभी राहिली, हे नाकारायचं कारण नाही. मग तिनं बाटली पिशवीत घातली आणि औषधाचं दुकान गाठलं.

औषधवाला तिच्याहून निम्म्या वयाचा होता. तिनं त्याला सगळं सांगितलं आणि आता पहिल्यापासून शिकव म्हणाली. नवी बाटली कोरड्या भुकटीची होती. त्यानं आधी बाटली आपटून भुकटी मोकळी केली, खुणेच्या खालपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालून हलवली, फेस खाली बसू दिला आणि मग पाणी बरोबर खुणेपर्यंत आणलं. "फेसासाठी थांबायचं ते एवढ्या एकाच वेळी," तो म्हणाला. "यापुढे दर वेळी हलवायची आणि लगेच काढायचं. हलवणं आणि काढणं यात चहासुद्धा प्यायचा नाही." घरातला चमचा नको, म्हणून त्यानं खुणांची पिचकारी दिली. अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं किंवा श्वासाला त्रास झाला तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांकडे. उलटी झाली किंवा एखादी वेळ चुकली तर मनानं दुप्पट द्यायचं नाही, आधी विचारायचं. जुनी बाटली त्यानं नष्ट करायला ठेवून घेतली. मावशीनं हे सगळं कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं.

घरी येऊन तिनं पहिला डोस लगेच दिला. संध्याकाळी भाची कामावरून परतली, तेव्हा मावशीनं तिला आणि ताईला स्वयंपाकघरात बसवलं.

"पोरीचा कान पाण्यानं बिघडला नाही," ती म्हणाली. "औषध मी चुकीचं पाजलं. चौदाच्या चौदा वेळा."

ताई म्हणाली, उगाच काहीतरी बोलू नकोस, तुझं माप कधी चुकतं का. मावशीनं फेसाची सगळी गोष्ट सांगितली. भाची एवढंच म्हणाली, "मावशी, रविवारपासून मी झोपले नाहीये गं." मावशीला ते रागावून बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं माफी मागितली, आणि उरलेले डोस मीच देणार, तू शेजारी उभी राहून बघ, असं सांगितलं.

दहा दिवस तसंच झालं. हलवायचं, पिचकारीत ओढायचं, बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढायचा, गालाच्या आत हळूहळू सोडायचं. चौथ्या दिवशी ताप पूर्ण उतरला, मुंगी पलंगावर उड्या मारायला लागली, आणि ताईचं सुरू झालं की पोर टुणटुणीत आहे, आता कशाला तो कडू घोट. मावशीनं बाटली हलवली. सहाव्या दिवशी मुंगीनं सगळा डोस मावशीच्या ब्लाउजवर ओकला. मावशीचा हात पुन्हा पिचकारीकडे गेला होता. तिनं तो मागे घेतला, डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि त्यांनी सांगितलं तेवढंच केलं. सातव्या दिवशी ताईनं बाटली कपाटात लपवून पाहिली. मावशीनं ती शोधून काढली आणि फ्रिजसमोर खुर्ची टाकून भाजी निवडायला बसली.

दहावा दिवस संपला. उरलेलं औषध त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानात परत गेलं, ताईच्या डोळ्यांदेखत. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिला, लाली गेली होती, भरती टळली. पण कानाच्या पडद्यामागचं पाणी ओसरायला काही आठवडे लागतील, ऐकू येतंय का बघत राहा, तीन महिन्यांत नाही आलं तर पुढच्या तपासण्या करू, असं त्या म्हणाल्या.

मग मावशी बघत राहिली. रोज कामावरून आली की ती मुंगीला मांडीवर घ्यायची, उजवा कान मांडीत दाबलेला आणि डावा वर, आणि तिच्या डोक्याच्या मागून अगदी हळू बोलायची. कधी बाहुलीचं नाव, कधी मांजराचं. मुंगी आपली पदराच्या काठाशी खेळत राहायची. भाची दारात उभी राहून बघायची आणि आत जायची. असे एकोणीस दिवस गेले. रात्री झोप येत नसे, पण मावशीनं एकही दिवस चुकवला नाही.

विसाव्या दिवशी तिनं पुटपुटल्यासारखं म्हटलं, "साखरेचा डबा."

मुंगीनं मानही वळवली नाही. "वरच्या फळीवर," ती म्हणाली, "पिठाच्या मागे. मला माहितेय."

मावशीनं भाचीला हाक मारली.